अकरा झाडं, दोन पाणी घालणारे आणि प्युरिफायरखालची बादली : पुण्यातल्या एका फ्लॅटची गोष्ट

पार्श्वभूमी

मी लोकांच्या घरी जाऊन इनडोअर झाडं लावून देते, आजारी पडली की बघून देते. हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण यात जे घडलं ते थोड्याफार फरकाने खूप घरांत घडतं आणि प्रत्येक ठिकाणी लोक म्हणतात आमच्या हाताला झाडं लागतच नाहीत, जे मला ऐकवत नाही. घरच्यांनी लिहायला परवानगी दिलीय, नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

घर सिंहगड रोडच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर टू बीएचके. नवरा-बायको दोघं आयटीत, दोन वर्षांची मुलगी, आणि नवऱ्याची आई, मूळच्या रत्नागिरीकडच्या. सुनेला मी ताई म्हणते, सासूबाईंना काकू. हॉलची खिडकी उत्तरेला पण समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, बाल्कनी पूर्वेला, सकाळी दहापर्यंत ऊन, बेडरूमला पश्चिमेचं ऊन आणि एसी.

मागच्या जुलैत ताईंनी एका नर्सरीतून एका दिवसात अकरा झाडं आणली. कारण बाळाच्या खोलीत हवा स्वच्छ राहावी. "नासाने सांगितलेली झाडं" अशी यादी त्यांनी वाचली होती. नासाचा तो अभ्यास १९८९ चा आहे आणि खरा आहे, पण तो छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये केलेला, तुमच्याआमच्या घरात खिडक्या-दारं उघडी असतात, हवा सतत बदलते. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हिशोब निघाला की नुसत्या वाऱ्याने जेवढी हवा साफ होते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मी हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. पण मला वाटतं सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस हवेसाठी बेडरूममध्ये झाड कोंबतो आणि त्या झाडाला तिथे उजेडच नसतो.

झाडं अशी : दोन अॅग्लोनिमा, एक हिरवं-चंदेरी आणि एक लाल पानांचं ज्याला नर्सरीवाले लिपस्टिक म्हणतात. तीन कॅलेथिया, ऑर्बिफोलिया, मेडॅलियन आणि लांब पानांचं रॅटलस्नेक. एक डिफेनबेकिया, एक अॅलोकेशिया पॉली, एक फिडल लीफ, एक मनीप्लांट, एक स्नेक प्लांट आणि एक झीझी. सोबत मॅचिंग पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंड्या, नर्सरीवाल्याने तिथेच झाडं त्यात बसवून दिली.

जुलै ते सप्टेंबर सगळं छान चाललं. चालणारच, पुण्यात पावसाळ्यात हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा असतो, रात्र उबदार, या झाडांना माहेरी असल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात घेतलेलं झाड घरात जमेल की नाही हे पावसाळ्यात कळतच नाही, ते कळतं दिवाळीनंतर.

अडचण काय होती

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मला बोलावलं तेव्हाची अवस्था : ऑर्बिफोलियाची पानं कडेने कागदासारखी वाळलेली, मधे पिवळी. मेडॅलियनची दोनच पानं उरलेली. अॅलोकेशियाचं शेवटचं पान गळून गेलेलं, कुंडीत नुसता ठोंब. लाल अॅग्लोनिमा पूर्ण मलूल. फिडल लीफच्या १५ पानांपैकी ७ गळलेली, उरलेल्यांवर तपकिरी डाग. झीझीच्या दांड्या बुंध्याशी दाबल्या तर मऊ लागत होत्या. मनीप्लांट, स्नेक प्लांट, डिफेनबेकिया आणि चंदेरी अॅग्लोनिमा बरी होती, म्हणजे दिसायला बरी.

ताई म्हणाल्या पाणी कमी पडतंय बहुतेक, कारण पानं लोंबताहेत. ही सगळ्यात जास्त होणारी गफलत आहे, मुळं सडली की झाडाला पाणी ओढता येत नाही, आणि मग ते तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, माणूस अजून पाणी घालतो.

मी लाल अॅग्लोनिमा कुंडीतून काढलं. म्हणजे काढायला लागलंच नाही, दांडी धरून उचललं तर सगळा गोळा वर आला आणि कुंडीच्या तळाशी दोन बोटं काळं पाणी, वास डबक्यासारखा. बाहेर नर्सरीची चिकट लाल माती, ती फोडली तर आत कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, छोटा ठोकळा, त्याभोवती बारीक जाळी, जी झाड लहान असताना ट्रेमध्ये असते ती, कोणी काढलीच नव्हती. आपल्याकडे येणारी बरीचशी झाडं आंध्रातल्या कडियमकडून नाहीतर कोलकात्याकडून येतात, हलक्या कोकोपीटमध्ये वाढलेली, इथे आली की त्यांना लाल मातीत दाबतात म्हणजे कुंडी जड लागते आणि गिऱ्हाइकाला मजबूत वाटते. बाहेरची माती कोरडी दिसते आणि आतला ठोकळा चिंब असतो. मी एक मूळ चिमटीत धरून हलकंच ओढलं, वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात फक्त दोरा राहिला. निरोगी मूळ पांढरं, कडक असतं, तुटताना कट् आवाज येतो. त्या पूर्ण गोळ्यात मला एक पांढरं मूळ सापडलं नाही.

कुंडी उलटी केली. खाली भोक नव्हतं. अकरापैकी नऊ कुंड्यांना नव्हतं.

मग विचारलं पाणी कोण घालतं. ताई म्हणाल्या मी, दर रविवारी भरपूर. आतून काकू म्हणाल्या, "मी पण घालते की, रोज सकाळी तुळशीला घातलं की यांना एकेक पेला." दोघींना एकमेकींचं माहीतच नव्हतं. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग काकूंनी विचारलं, "म्हणजे मीच मारली का गं झाडं?" मी त्यांना खरं तेच सांगितलं, की तुळस उन्हात असते, वृंदावनातली माती निचऱ्याची असते, तिला रोजचं पाणी चालतं, बिनभोकाच्या कुंडीत कोणाच्याही हाताने झाड जगलं नसतं.

त्यात थंडी. जानेवारीत पुण्यात रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतं, हॉलची खिडकी रात्रभर उघडी. ही झाडं १५ च्या खाली गारठतात, मुळं काम थांबवतात, घातलेलं पाणी तसंच पडून राहतं. रंगीत अॅग्लोनिमा तर हिरव्यापेक्षा जास्तच नाजूक.

कोणते पर्याय होते

ताईंच्या नवऱ्याचं म्हणणं होतं की सगळी काढून टाकू आणि चांगल्या क्वालिटीची आर्टिफिशियल आणू. मी त्याला वाईट म्हणणार नाही, घरात लहान मूल, दोघांच्या नोकऱ्या, वेळ नाही हे खरंच आहे. पण काकू दिवसभर घरी असतात आणि त्यांचा त्या झाडांत जीव होता.

दुसरा पर्याय, सगळ्या झाडांची माती आजच बदलायची. ताई त्यासाठी तयार होत्या, मोठी ताडपत्री आणून ठेवली होती. पण थंडीत चांगल्या झाडाची मुळं हलवली तर ती नवीन मुळं टाकत नाहीत, बरं असलेलंही आजारी पडतं. सडलेल्यांसाठी मात्र थांबणं शक्य नव्हतं. म्हणून ठरलं की ज्यांची मुळं गेलीत त्यांचं आज, बाकीच्यांचं महाशिवरात्रीनंतर, थंडी शिव शिव म्हणत गेली की. फक्त बिनभोकाच्या कुंड्यांना तेवढी वाट बघायची नव्हती, त्यातल्या बऱ्या झाडांचा गोळा न फोडता तसाच उचलून भोकाच्या प्लास्टिक कुंडीत ठेवायचा.

ह्युमिडिफायर आणि ग्रो लाइट हाही पर्याय निघाला. हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात तीन झाडं होती, फोनवरच्या अॅपने उजेड मोजला तर जेमतेम ७० लक्स, खिडकीशी १८०० च्या आसपास, बाल्कनीच्या दाराशी सावलीत ८०००. फोनचं माप काटेकोर नसतं पण इतक्या फरकाला ते पुरतं. ७० लक्समध्ये झीझीसुद्धा वाढत नाही, ते फक्त साठवणीवर दिवस काढतं. एका कोपऱ्यासाठी रोज बारा तास दिवा लावायचा की कोपरा रिकामा ठेवायचा, यात मी रिकामा ठेवा म्हटलं. काकूंनी तिथे मोठी समई ठेवली आणि खरं सांगते, झाडांपेक्षा ती जास्त शोभली.

आणि सगळ्यात अवघड निर्णय, पाणी एकीनेच घालायचं तर कोणी. ताईंना वाटत होतं की आईंना सांगूया तुम्ही घालू नका. माझं मत उलटं होतं. जो माणूस दिवसभर घरात असतो त्याला पान कधी लोंबलं, माती कधी सुकली हे दिसतं, रविवारच्या रविवार येणाऱ्याला दिसत नाही. काकूंची सवय चुकीची होती, नजर चुकीची नव्हती. शेवटी ताईंनी मान्य केलं पण मनापासून नाही, ते मला दिसत होतं.

काय केलं

लाल अॅग्लोनिमा गेलंच होतं. चंदेरीची मुळं अर्धी सडलेली निघाली, त्याची दांडी कुजलेल्या भागाच्या वर कापून पाण्याच्या बाटलीत ठेवली. झीझीचे बटाट्यासारखे गड्डे दाबून बघितले, चारपैकी एकच कडक होता, तो ठेवला आणि हिरवी पानं देठासकट काढून एका कपात कोकोपीट आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात खोचली. ऑर्बिफोलिया आणि मेडॅलियनची कुजकी मुळं कापून बुरशीनाशक पावडरच्या पाण्यात बुडवून नव्या मातीत लावली, हे बाल्कनीत, हातमोजे घालून आणि मुलगी झोपलेली असताना. मिश्रण साधंच, साधारण चार भाग धुतलेलं कोकोपीट, तीन भाग परलाइट, दोन भाग गांडूळखत, एक भाग कोळशाचे तुकडे. सिरॅमिकच्या कुंड्या टाकल्या नाहीत, भोकाची प्लास्टिक कुंडी आत आणि सिरॅमिक बाहेरून, पाणी घालायचं बेसिनमध्ये, निथळलं की परत आत.

अॅलोकेशियाचा ठोंब ताई कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. काकूंनी हात धरला. म्हणाल्या अळू असाच जातो गं थंडीत, पावसात परत येतो. आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, अॅलोकेशिया अळवाच्याच कुळातलं, खाली कांदा धरून झोपतं. ठोंब कडक होता. जवळजवळ कोरड्या मातीत ठेवून दिला.

या अळवाच्या कुळावरूनच दुसरा विषय निघाला. डिफेनबेकिया खालीच, मुलीच्या हाताला येईल असं होतं. त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे, चावलं तर तोंडाची आग, जीभ सुजते. काकूंना एका वाक्यात समजलं, अळू खवखवतो म्हणून आपण फदफद्यात चिंच घालतो, तेच हे, फक्त खूप जास्त. पण मग प्रश्न आला की अॅग्लोनिमा, मनीप्लांट, झीझी, अॅलोकेशिया सगळी त्याच कुळातली. म्हणून डिफेनबेकिया लहान मूल नसलेल्या शेजाऱ्यांकडे गेलं, मनीप्लांट वर टांगलं, बाकीची मुलीच्या हाताच्या वर. मुलाच्या आसपास ठेवायला बिनधास्त म्हणजे कॅलेथिया, ती हळद, केळ, कर्दळ यांच्या भावकीतली आणि आरारूटची तर सख्खी नातेवाईक, पण जपायला तीच सगळ्यात कठीण. लहान मूल असलेल्या घरात झाड निवडताना ही ओढाताण होतेच.

काकूंना एकच सवय बदलायला सांगितली, रोज पाणी नाही, रोज बोट. बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर पुढच्या झाडाकडे जायचं. आणि कुंडी उचलून बघायची, दहा दिवसांत हाताला वजन कळायला लागतं.

तीन आठवड्यांनी परत गेले. पाणी बरोबर चाललं होतं, माती बरोबर, तरी रॅटलस्नेकच्या नव्या पानाचंसुद्धा टोक जळलेलं. मेडॅलियन गेलेलं, ऑर्बिफोलिया जायच्या वाटेवर. मला काही सुचेना. चहा करायला काकू आत गेल्या, मी मागे गेले, आणि ओट्याशी वॉटर प्युरिफायरखाली निळी बादली दिसली, नळी त्यात सोडलेली. विचारलं हे पाणी कशाला. "झाडांना. एवढं पाणी वाया कसं घालवायचं?"

आरओचं रिजेक्ट पाणी. सोसायटीत टँकर येतो, बोअरचं पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पर्समध्ये होता, नळाचं ६४०, बादलीतलं ९३०. मशीन क्षार वेगळे काढून ज्या पाण्यात सोडतं तेच पाणी सात महिने झाडांना जात होतं. मग मातीवरची पांढरी बुरशी वाटणारी पूड बघितली, ती बुरशी नव्हती, क्षार होते. स्नेक प्लांट, मनीप्लांट हे सोसतात, कॅलेथिया नाही.

काकूंना पाणी वाया घालवणं जिवावर येतं आणि ते योग्यच आहे, म्हणून ते पाणी लादी पुसायला आणि संडासात टाकायला वळवलं. रॅटलस्नेक, ऑर्बिफोलिया आणि अॅलोकेशियाला प्यायचं पाणी, तिघांना मिळून आठवड्याला एक लिटरभर, उन्हाळ्यात एसीच्या नळीचं, ते जवळपास क्षार नसलेलं असतं. बाकीच्यांना साधं नळाचं. रॅटलस्नेकची कुंडी बाथरूममध्ये नेऊन कुंडीच्या तिप्पट चांगलं पाणी हळूहळू ओतून माती धुतली. स्नेक प्लांट आणि मनीप्लांटची माती ठरल्याप्रमाणे महाशिवरात्रीनंतर बदलली.

एप्रिलमध्ये एकदा फोटो आला, रॅटलस्नेकच्या पानावर फिकट ठिपके. पुण्यात तेव्हा दुपारी हवा २०-२५ टक्क्यांवर येते, कोळी किडीला हवंच असतं ते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायला सांगितली, ठिपके चालायला लागले. शॉवरखाली पानं खालून धुणं, चार दिवसांच्या अंतराने तीनदा, एवढ्यावर आटोपलं, कडुनिंबाचं तेल लागलंच नाही.

शेवटी काय झालं

ऑगस्टपर्यंतचा हिशोब असा, तीन गेली, ऑर्बिफोलिया, मेडॅलियन आणि लाल अॅग्लोनिमा. डिफेनबेकिया शेजारी मजेत. सात घरात. चंदेरी अॅग्लोनिमाला बाटलीत पाच आठवड्यांत मुळं आली, आता कुंडीत आहे. फिडल लीफ आधी चार वेळा जागा बदललेलं होतं, ते बाल्कनीच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि अजिबात हलवलं नाही, जूनमध्ये शेंड्याला एकदम तीन पानं काढली. रॅटलस्नेकची जुनी जळकी टोकं तशीच आहेत, ती कधीच हिरवी होत नाहीत, पण नवीन पानं अखंड आहेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचा फोटो आला, अॅलोकेशियाच्या कुंडीतून हिरवी गुंडाळी वर आलेली, शेजारी काकूंचं बोट. खाली लिहिलं होतं, आई जिंकल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. कोण घालतं, कधी घालतं, किती घालतं एवढं विचारलं, कुठून आणता हे विचारलं नाही. मुळं सडलेली दिसली, कारण मिळालं असं वाटलं आणि मी शोधणं थांबवलं. ते तीन आठवडे मिळाले असते तर मेडॅलियन नाही पण ऑर्बिफोलिया कदाचित वाचलं असतं. आता कुठल्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जाते.

कॅलेथियाच्या मुळांवर थंडीत कात्री चालवणं हेही मला आता पटत नाही. झीझी, अॅग्लोनिमा दांडीत नाहीतर गड्ड्यात साठवून ठेवतात, कॅलेथियाकडे तेवढी शिल्लक नसते. नुसती जाळी काढून, सुटी माती घालून, उबदार जागी पारदर्शक पिशवीत झाकून ठेवायला हवं होतं.

ताईंकडून काय वेगळं झालं असतं तर, अकरा एकदम आणण्याऐवजी तीन, आणि त्या तिघांना एक पूर्ण वर्ष, म्हणजे ऑक्टोबरची तलखी, थंडी, एप्रिल सगळं बघून मग पुढची. आधी घरात फिरून उजेड कुठे किती आहे ते बघायचं, मग झाड. नर्सरीत दुकानदारासमोर कुंडी उलटी करून भोक बघायला कोणाची हरकत नसते.

यंदाच्या पावसात ताईंना पुन्हा ऑर्बिफोलिया घ्यायचंय. मी म्हटलं दिवाळीनंतर बघू, रॅटलस्नेक यंदाची थंडी कशी काढतं ते आधी बघूया. झीझीची पानं अजून कपात आहेत, उपटून बघितली तर देठाला हरभऱ्याएवढे गड्डे धरलेत, कोंब नाही. काकू रोज बघतात.